लाभांशावर भागत नाही, शेअर मोडवत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका ६१ वर्षांच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. नोकरीची बरीच वर्षं मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेबाहेरच्या कार्यालयात गेली. पगाराचा भाग म्हणून मिळालेले आणि कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळणारे असे मिळून कंपनीचे २,००० शेअर साठले आहेत. त्यांनी भाव ४५० डॉलर धरला आहे, म्हणजे नऊ लाख डॉलर. पेन्शन आहे, पण वरखर्चाला वर्षाकाठी आणखी २४,००० डॉलर लागतात आणि लाभांशाचे दर तिमाहीला जेमतेम १,२७४ डॉलर खात्यात पडतात. "मुद्दलाला हात लावायचा नाही ही वडिलांची शिकवण. ती मोडवत नाही," असं त्या लिहितात. धाकटा भाऊ म्हणतो, सगळे शेअर विकून सात टक्के लाभांश देणारे शेअर घे, वर्षाला ६३,००० सुटतील. मुलगा म्हणतो, दरवर्षी थोडे थोडे विकत जा. त्यांचा स्वतःचा विचार वेगळाच आहे : कंपनी दर सप्टेंबरला लाभांश दहा टक्क्यांनी वाढवते, तेव्हा काही वर्षं हात आखडता घ्यावा, पुढे लाभांशावरच भागेल. "आम्हा तिघांत कोण बरोबर? आणि एवढी श्रीमंत कंपनी इतका चिमूटभर लाभांश का देते?"

उत्तर :

तिघांच्या सल्ल्यांतल्या तुमच्या सल्ल्यापासून सुरुवात करते. दिसायला तो सगळ्यात सोज्वळ आहे, आणि माझ्या मते तुम्हाला सगळ्यात महागात पडेल तोही तोच.

आधी आकडे मांडू. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने तिमाही लाभांश ८३ सेंटवरून ९१ सेंट केला. म्हणजे शेअरमागे वर्षाला ३.६४ डॉलर, २,००० शेअरचे ७,२८०. कर कापून तुमच्या हातात येतात ५,०९६. (या कपातीत काहीतरी खटकतंय. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.) दरवर्षी न चुकता दहा टक्के वाढ होत गेली, तरी ५,०९६ चे २४,००० व्हायला सोळा वर्षांहून अधिक काळ लागतो. तेव्हा तुम्ही ७७ वर्षांच्या असाल. आणि तोवर तुमचा खर्च २४,००० वरच थांबून राहील का? महागाई तीन टक्के धरली, तर लाभांश खर्चाला गाठेपर्यंत तुम्ही पंचाऐंशीच्या घरात पोचता. हिंडायची-फिरायची, हातपाय धड असण्याची सगळी वर्षं मन मारून काढायची, तीही खात्यात नऊ लाख डॉलर असताना! हा हट्ट कोणासाठी, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

शिवाय दहा टक्के हे काही वचन नाही. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी वाढ दहाच्या आसपास होती हे खरं. पण २००९ च्या सप्टेंबरात, जग मंदीतून सावरत असताना, याच कंपनीने लाभांश होता तिथेच, म्हणजे १३ सेंटवर ठेवला होता. दर तिमाहीला संचालक मंडळ बसतं आणि ठरवतं. त्यांच्यावर कसलंही बंधन नाही, आणि इथेच तुमच्या पत्रातल्या सगळ्यात मोठ्या गृहीतकाशी आपण येऊन पोचतो.

शेअर म्हणजे मुद्दल आणि लाभांश म्हणजे त्यावरचं व्याज, असं तुम्ही धरून चालला आहात. वडिलांच्या शिकवणीत मला काहीच वावगं दिसत नाही. ठेवी आणि कर्जं यांच्या जगात तो नियम चोख होता. बँकेत ठेव ठेवली की मुद्दल जसंच्या तसं राहतं आणि व्याज वरून मिळतं, कारण तसा करार असतो. शेअरमध्ये असा करार कुठेच नाही. कंपनीच्या तिजोरीतल्या पैशांची मालकी आधीपासूनच भागधारकांची असते. लाभांश वाटला की तेवढे पैसे तिजोरीतून कमी होतात आणि शेअरची किंमतही तेवढ्याने उतरते. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात आले, एवढंच होतं. वर कर जातो तो वेगळा.

हे खोटं वाटत असेल तर तुमच्याच कंपनीचा दाखला देते. मायक्रोसॉफ्टने २००३ पर्यंत लाभांशाचा एक पैसाही दिलेला नव्हता. २००४ च्या जुलैमध्ये मात्र तिने शेअरमागे तीन डॉलरचा विशेष लाभांश जाहीर केला. एकूण रक्कम सुमारे ३२ अब्ज डॉलर. त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरला शेअर पहिल्यांदा लाभांशाविना खरेदी-विक्रीला आला, म्हणजे त्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळणार नव्हता. आदल्या व्यवहाराच्या दिवशी भाव तीसच्या आसपास होता, त्या दिवशी तो सत्तावीसच्या आसपास आला. कंपनीवर कुठलंही संकट आलं नव्हतं. तीन डॉलर वाटायला निघाले, म्हणून भावातून जवळजवळ तेवढेच वजा झाले. एरवी ९१ सेंट वजा होतात ते ४५० च्या भावात कुणाच्या लक्षातही येत नाहीत, कारण एका दिवसाची साधी चढउतारही त्याहून मोठी असते. लक्षात येत नाही म्हणूनच लाभांश वरकमाईसारखा वाटतो.

म्हणजे दर तिमाहीला लाभांश घेताना तुम्ही मुद्दलाचा एक कपटा मोडतच असता. फक्त तो मोडण्याचा निर्णय तुमच्या वतीने संचालक मंडळ घेतं. मुलगा सांगतोय ते याहून फारसं वेगळं नाही. त्यात निर्णय तुम्ही घ्यायचा, इतकंच. अर्थशास्त्रज्ञ मिलर आणि मोदिग्लियानी यांनी १९६१ मध्ये हेच सिद्ध करून दाखवलं होतं : कर आणि खर्च बाजूला ठेवले, तर कंपनीने वाटलं काय आणि भागधारकाने स्वतः विकून घेतलं काय, सारखंच. नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीने १९६७ नंतर लाभांश दिलेलाच नाही. ज्याला रोकड हवी त्याने दरवर्षी थोडे शेअर विकावेत, असं बफे यांनी २०१२ सालच्या वार्षिक पत्रात आकड्यांनिशी समजावलं होतं. गंमत अशी, की कोका-कोला आणि अ‍ॅपल यांच्याकडून मात्र बर्कशायर वर्षानुवर्षं लाभांश घेत आली आहे.

आता चिमूटभर का, हा प्रश्न. जून २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात मायक्रोसॉफ्टने शेअरमागे १३.६४ डॉलर कमावले आणि ३.३२ डॉलर लाभांश जाहीर केला. कमाईचा चौथा हिस्सा. बाकीचे पैसे काही गाडून ठेवलेले नाहीत. त्या एकाच वर्षात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटरांवर सुमारे ८० अब्ज डॉलर खर्चणार असल्याचं कंपनीने सांगितलं होतं. उरलेल्यांपैकी काही पैशांतून ती बाजारातून स्वतःचेच शेअर परत विकत घेते. शेअर कमी झाले की तुमच्या २,००० शेअरचा कंपनीतला वाटा वाढतो, पण खात्यात काही जमा होत नाही, त्यामुळे तो जाणवत नाही. अ‍ॅपलने मे २०२४ मध्ये अशा पुनर्खरेदीसाठी ११० अब्ज डॉलर मंजूर केले, तेव्हा तिचा तिमाही लाभांश होता २५ सेंट. मेटा (फेसबुकची कंपनी) आणि अल्फाबेट (गूगलची कंपनी) यांनी तर पहिला लाभांश २०२४ मध्ये दिला. अ‍ॅमेझॉनने आजवर दिलेलाच नाही. तेव्हा या घराण्यात तुमची कंपनी कंजूष नाही, उलट जुन्या दात्यांपैकी आहे. आणि दुसरी बाजू अशी, की भाव चढला की टक्केवारी आपोआप घसरते. तुमचा लाभांश ०.८ टक्के दिसतो, कारण ज्यावर तो मोजायचा ते ४५० डॉलर इतके मोठे झाले आहेत. तुम्हाला शेअर मिळाले तेव्हाच्या भावावर तो कितीतरी जास्त भरेल.

हीच टक्केवारी उलट्या दिशेनेही चालते, आणि तुमच्या भावाचा सल्ला तिथेच अडखळतो. सात टक्के लाभांश देणारा शेअर म्हणजे उदार कंपनी, असं नेहमी नसतं. बऱ्याचदा भाव कोसळलेला असतो आणि जुना लाभांश अजून कापायचा राहिलेला असतो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचंच बघा. १९९२ पासून अखंड लाभांश देणारी, घराघरांत नाव पोचलेली कंपनी. २०२२ च्या अखेरीस तिचा भाव २६ डॉलरच्या आसपास आला होता आणि वर्षाचा लाभांश होता १.४६ डॉलर, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. मायक्रोसॉफ्टच्या कितीतरी पट! फेब्रुवारी २०२३ मध्ये तिमाही लाभांश साडेछत्तीस सेंटवरून साडेबारा सेंटवर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो पूर्ण थांबवत असल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी शेअर एका झटक्यात सुमारे २६ टक्क्यांनी पडला. ज्यांनी टक्केवारी बघून शेअर घेतला त्यांचा लाभांशही गेला आणि मुद्दलही तेव्हा घटलं. त्याही आधी, १९९३ मध्ये, आयबीएमसारख्या कंपनीने एकाच वर्षात दोनदा लाभांश कापला होता, आणि आयबीएम तर १९१६ पासून लाभांश देत आलेली कंपनी. दर महिन्याला दहा-बारा टक्क्यांच्या दराने पैसे वाटणारे काही फंडही हल्ली जाहिरातींत दिसतात. शेअर चढला तर मिळणारा फायदा आधीच विकून ते पैसे उभे करतात. भावाने पुढचं पाऊल म्हणून तिकडे बोट दाखवलं, तर नाही म्हणा.

आणखी एक हिशेब भावाने केलेला दिसत नाही. सगळे शेअर एकदम विकले, तर वर्षानुवर्षांचा साठलेला सगळा नफा एकाच वर्षात करपात्र होईल. कर भरून उरेल त्यावर सात टक्के मिळतील, नऊ लाखांवर नव्हे. आणि त्या सात टक्क्यांच्या पूर्ण रकमेवर दरवर्षी पुन्हा कर. मुलाच्या मार्गात मात्र विकलेल्या शेअरमधल्या फक्त नफ्यावर कर लागतो. तुमच्या खरेदीच्या किमतीएवढा भाग तुमचाच तुम्हाला परत मिळालेला असतो. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाने शेअर विकून कमावलेल्या नफ्यावर अमेरिका सहसा कर घेत नाही, तुमचा राहता देश घेतो. लाभांशावर मात्र आधी अमेरिका कापून घेते.

तरीही भावाला पूर्ण मोडीत काढू नका. "सगळं एकाच कंपनीत ठेवू नकोस" एवढंच तो म्हणाला असता, तर मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते. त्याने रोग बरोबर ओळखला आणि औषध चुकीचं सांगितलं. तुम्ही मुद्दल मोडायला घाबरता, पण तुमच्या मुद्दलाला खरा धोका दरवर्षी विकायच्या चाळीस शेअरचा नाही, न विकलेल्या दोन हजारांचा आहे. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा शेअर ज्या उंचीवर होता, ती उंची पुन्हा गाठायला २०१६ उजाडलं. सोळा-सतरा वर्षं! कंपनी या काळात बुडाली नव्हती, नफ्यात होती, लाभांशही वाढवत होती. नुसता भाव वर्षानुवर्षं वर यायला तयार नव्हता. तिशीतल्या माणसाला हे चालतं. ६१ व्या वर्षी, ज्या कंपनीने आयुष्यभर पगार दिला तिच्याच शेअरवर सगळं म्हातारपण टांगायचं, हे मला पटत नाही. ही कंपनी उत्तम आहे की नाही, हा वादच नाही. १९९९ मध्येही ती उत्तमच होती.

आता मुलाचं म्हणणं आकड्यांत. २४,००० मधून हातात येणारे ५,०९६ वजा केले तर कमी पडतात १८,९०४. ४५० च्या भावाने ४२ शेअर. दोन हजारांतले ४२ म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित जास्त. (विक्रीच्या नफ्यावरचा कर धरून आणखी चार-पाच धरा.) पुढच्या वर्षी भाव पाच टक्क्यांनी वाढला, तर उरलेल्या १,९५८ शेअरची किंमत सव्वानऊ लाखांच्या वर जाते. शेअर कमी झाले, पैसा वाढला. आणि समजा वीस वर्षं भाव जागचा हललाच नाही, लाभांशही वाढला नाही, खर्चही आजच्याइतकाच राहिला, तरी ८१ व्या वर्षी तुमच्याकडे ११०० च्या आसपास शेअर उरतील. महागाई आणि विक्रीवरचा कर धरला तर त्याहून कमी, हे मान्य. पण हे चित्र मी मुद्दाम काळं रंगवलंय, आणि तरी त्यात तुम्ही उघड्यावर पडत नाही.

मग मुलगा शंभर टक्के बरोबर का? नाही. तो अशा वयात आहे जिथे "विकून टाक" म्हणणं सोपं असतं. लाभांशाची एक बाजू कागदावर येत नाही : तो घेताना काहीही ठरवावं लागत नाही. भाव बघावा लागत नाही, बटण दाबावं लागत नाही, "आज विकला आणि उद्या चढला" ही रुखरुख नाही. बाजार पस्तीस टक्क्यांनी पडलेला असताना स्वतःच्या हाताने शेअर विकणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. ही भीती अडाणीपणाची नाही, आणि तिच्यामागे गणितही आहे : निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांतच बाजार आपटला आणि तेव्हाच विकावं लागलं, तर तीच तूट भरायला ४२ ऐवजी पासष्टच्या आसपास शेअर जातात आणि ते पुन्हा येत नाहीत. म्हणून मुलाच्या योजनेत एक गादी घातली पाहिजे.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षी १३०-१४० शेअर विकून पुढच्या तीन वर्षांची तूट, म्हणजे साधारण ५७,००० डॉलर आणि वर कर, बाजूला काढली असती. तीही जिथे राहता तिथल्या चलनात, बँकेच्या ठेवीत किंवा अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत. तुमचा खर्च डॉलरमध्ये होत नाही, मग डॉलर घसरला म्हणून महिन्याचं गणित का बिघडावं? या ठेवीतून दर महिन्याला ठरलेली रक्कम बचत खात्यात येऊ द्या. वाटल्यास तिला व्याज म्हणा. लाभांश आला की तो याच ठेवीत भरा. आणि वर्षातून एकदा, आधीच नेमलेल्या महिन्यात, शेअर विकून ठेव पुन्हा भरा. त्या वर्षी बाजार वाईट पडलेला असेल तर विक्री टाळा. तीन वर्षांची मोकळीक त्यासाठीच आहे. महिना आधी नेमायचा तो अशासाठी, की "अजून थोडा चढू दे" हे वाक्य मनात येणारच आहे. ते मनात येण्याआधी तारीख कागदावर असावी.

दुसरं काम हळूहळू करायचं. चार-पाच वर्षांत मायक्रोसॉफ्टचा हिस्सा तुमच्या एकूण पुंजीच्या तिसऱ्या भागापर्यंत खाली आणा आणि निघालेले पैसे शेकडो कंपन्यांत विखुरलेल्या, कमी खर्चाच्या निर्देशांक फंडात घाला. चार-पाच वर्षं म्हणते ते कराच्या सोयीसाठी, भाव ओळखून विकता येईल म्हणून नव्हे. कोणते शेअर आधी विकायचे हे ब्रोकरला सांगता येतं. अलीकडे चढ्या भावात मिळालेले आधी विकले, तर काही देशांत नफा कमी दिसतो आणि करही कमी बसतो. मात्र शेअर जमा झाल्याची तारीख, त्या दिवसाचा भाव आणि पगारात धरून आधीच कर भरलेली रक्कम, या तिन्हींच्या नोंदी हाताशी हव्यात. नोकरी सोडल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरची जुनी कागदपत्रं उघडेनाशी होतात. आताच उतरवून घ्या.

असंच कोडं पडलेल्या, पण अजून नोकरीत असलेल्या वाचकांसाठी दोन वाक्यं. तुम्हाला लाभांशाची आज गरज नसेल, तर तो आपोआप पुन्हा शेअरमध्ये गुंतवायची सोय ब्रोकरकडे असते, ती चालू ठेवायला हरकत नाही. फक्त त्यामुळे एकाच कंपनीचा ढीग आणखी उंच होतो आणि कर तरीही भरावा लागतो. आणि लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, लाभांश पदरात पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, या युक्तीचं काय होतं ते २००४ च्या गोष्टीत वर आलंच आहे.

आता तुमची करकपात. तिमाहीचा पूर्ण लाभांश १,८२० आणि खात्यात १,२७४. म्हणजे बरोबर तीस टक्के कापले जातायत. अमेरिकेबाहेरच्या भागधारकासाठी हा सरसकट दर आहे. अनेक देशांचे अमेरिकेशी करार आहेत आणि त्यांत हा दर खाली, कुठे २५ तर कुठे १५ टक्क्यांवर येतो. तो आपोआप लागू होत नाही. ब्रोकरकडे डब्ल्यू-८ बेन नावाचा, आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे कळवणारा फॉर्म भरलेला असावा लागतो, त्यात करारातल्या सवलतीचा रकाना भरलेला असावा लागतो, आणि सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याची मुदत संपते. निवृत्तीच्या गडबडीत तुमचा संपला असण्याची शक्यता मला दाट वाटते. तुमच्या देशाचा दर १५ टक्के निघाला, तर एकही शेअर न विकता वर्षाला १,०९२ डॉलर जास्त हातात येतील. या चालू वर्षात जादा कापलेले पैसे ब्रोकरच परत करू शकतो; मागच्या वर्षांचे हवे असतील तर अमेरिकेच्या करखात्याकडे विवरणपत्र भरून मागावे लागतात, आणि त्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत असते. जी कपात रीतसर आहे, तिचा दाखला (फॉर्म १०४२-एस) ब्रोकर दरवर्षी देतो. तो दाखवून बहुतेक देशांत स्वतःच्या करातून तेवढी वजावट मिळते.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण २,००० शेअर बघून ती न सांगता मला पत्र संपवता येणार नाही. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या अमेरिकी मालमत्तेवर तिथे वारसा कर लागतो, आणि अमेरिकी कंपनीचे शेअर त्यात मोडतात, मग ते कुठल्याही देशातल्या खात्यात असोत. सूट फक्त ६०,००० डॉलरची. त्यावर दर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. काही मोजक्या देशांचे या कराबद्दल अमेरिकेशी वेगळे करार आहेत. आयकराचा करार आहे म्हणजे हाही असेल, असं धरून चालू नका. दुसऱ्या देशात नोंदलेल्या फंडातून तेच अमेरिकी शेअर घेतले, तर ते सहसा या करात येत नाहीत. हिस्सा कमी करताना कुठला फंड निवडायचा, याचं हे सगळ्यात वजनदार कारण आहे.

दोन्ही देशांचे नियम माहीत असलेला कर सल्लागार गाठा आणि ही बैठक मुलाला बरोबर घेऊन करा. वारसा कराचं विवरणपत्र वारसांनी मृत्यूनंतर नऊ महिन्यांत भरायचं असतं, ते भरायची वेळ त्याच्यावरच येणार आहे. तेव्हा खातं कुठे आहे, वारस म्हणून कोणाची नोंद आहे आणि त्या खरेदीच्या नोंदी कुठल्या फाइलमध्ये आहेत, हे त्याला आजच दाखवून ठेवा.